बांबू

चॅनल हेडची शाल खुर्चीवर टाकून
टेंबेसाहेब हळूच म्हणाले, "भिया,
ती पंच्याण्णवची अनंत चतुर्दशी सापडेल का?"

तेव्हा ते नुसते विलास होते.
एक व्हीसीआर, दोन बूस्टर, आणि पाटनीपुऱ्यात
गच्च्यागच्च्यांवरून ओढलेली केबल.
मिल बंद होती, झांकी चालू होती.
दिव्यांचा हत्ती, हलती सोंड,
पुढे त्याचे वडील लांब बांबूने
आडव्या वायरी वर उचलत.
त्यातली एक वायर विलासची.

एडिटला तोच म्हणाला,
"म्हातारा मध्ये येतोय, काप."
मी कापला.

मग वायर गेली, छत्री आली,
भोपाळ, नोएडा, काचेची केबिन,
दर गुरुवारी आकडे,
आकडे पडले की माणसं.
यादीवर सही त्याचीच.

टेप सापडली. वरून साड्यांचा सेल भरलेला,
टेप महाग असायची तेव्हा.
साहेब उठले नाहीत.
सेल संपला, पडद्यावर मुंग्या आल्या.
बराच वेळ नुसत्या मुंग्या.
"डावीकडे, तो बांबूच ना?"

मी चष्मा पुसला.
हो म्हटलं.