वाय-बी

नियम तिनेच केलेत.
एमएच बारा धरायचं नाही, ते सगळ्यांनाच असतं.
पुढची दोन अक्षरं घ्यायची,
त्याच क्रमानं, मध्ये काहीही चालेल,
आणि सिग्नल हिरवा व्हायच्या आत
इंग्रजी शब्द सांगायचा.
अनेकवचनाला मार्क नाहीत.
आपल्या गाडीचा नंबर बाद,
तो पाठ होतो.

मंगळवार आणि शुक्रवार.
कागदावर तसं लिहिलंय, सही-शिक्क्यासकट:
धनकवडीहून घ्यायचं, एरंडवण्याला शाळेत सोडायचं.
पद्मावती, स्वारगेट, दांडेकर पूल, म्हात्रे पूल, नळस्टॉप.
अख्खं पुणं ज्यांना शिव्या घालतं
ते सिग्नल मी बोटांवर मोजतो.
पिवळा दिसला की लोक गाडी पिळतात,
मी ब्रेक दाबतो.
मागचा ओरडतो, "काका, निघाला असतात की!"
निघू दे त्याला.
आम्हाला नव्वद सेकंद मिळालेत.

टी-आर. टेम्पो, वर कोथिंबिरीच्या जुड्या.
मी म्हणालो ट्रॅफिक, समोर तेवढंच होतं.
ऋजुता म्हणाली अ‍ॅस्ट्रोनॉट.
क्यू-झेडला तर ती एवढ्यांदा किंचाळली, क्विझ!
की शेजारच्या रिक्षावाल्यानं दचकून मीटर बघितला.

के-एन आलं
आणि माझ्यातला पाचवीचा वर्ग उभा राहिला.
आमचं इंग्रजी पाचवीपासून, तेही एका सुरात:
के एन आय एफ ई नाइफ, नाइफ म्हणजे सुरी.
गावडे सरांना विचारलं होतं, मग के कशाला?
सर म्हणाले, तो असतो. बोलत नाही. बस खाली.
असं अक्षर मला मराठीत भेटलं नव्हतं,
लिहिलेलं आणि गप्प.
पुढे भेटलं.
बिबवेवाडीच्या घरात शेवटची दोन वर्षं
मीच होतो नाइफमधला के,
स्पेलिंगात होतो, उच्चारात नव्हतो.
हे तिला सांगितलं नाही.
ती म्हणाली, किचन.
आईवर गेलीय, पटकन सापडतं तिला.

फाटकाशी हेल्मेट माझ्या हातात देते,
आत तिच्या केसांच्या तेलाचा वास,
आणि वळून न बघता जाते. मैत्रिणी असतात.
परतताना सिग्नल तेच, पण लांबतात.
मग मी नियम मोडतो,
स्वतःच्याच पाटीशी खेळतो.
एल-एन.
लोन. अजून सोळा हप्ते.
लेमन, क्लीन, प्लॅन, बलून,
दांडेकर पुलापर्यंत असले निरुपद्रवी येत राहतात.
अलोन स्वारगेटला येतो.
मी त्याला अडवत नाही. मार्कही देत नाही.

गेल्या शुक्रवारी वाय-बी.
कोरी पांढरी मोटार,
मागच्या काचेवर कुंकवाचं स्वस्तिक, अजून ओलं.
मी म्हणालो, बेबी.
"बाबा, त्यात बी आधी आलाय. क्रम चुकला."
हिरवा पडला, मागून हॉर्न,
वाय-बी तसंच राहिलं.
रात्री साडेअकराला मला कीबोर्ड सुचला.
फोन उचलला, परत ठेवला.
खेळ रस्त्यावरचा आहे,
आणि नंबर तिच्या आईचा.

आज दांडेकर पुलाला लाल.
बावन्न, एकावन्न.
पुढच्या गाडीची पाटी चिखलानं भरलेली,
मी म्हणालो, ही बाद.
तर मागून, हेल्मेटच्या आतून,
चार दिवस सांभाळून आणलेलं:
"बाबा, वाय-बी.
मेबी."

मी म्हणालो, स्पेलिंग?
तिनं माझ्या पाठीवर बोटानं एकेक टेकवलं,
एम, ए, वाय, बी, ई.
एकही गप्प नव्हतं.

अजून सदतीस सेकंद होते.