बारदान वजा जाता

शाहूपुरीत, गुळाच्या अडतीवरच्या माडीत
आठ महिने मी एकच काम करते आहे:
अक्षरांचा आकडा करणं.

चार, शून्य, सात. आधी ही नुसती चिन्हं,
रांगेत उभी, एकमेकांना न ओळखणारी.
प्रत्येकातून अठ्ठेचाळीस वजा करायचे
(ते त्यांचं बारदान),
हातातल्या रकमेला दहानं गुणायचं,
उरलेलं मिळवायचं,
आणि दर वेळी थांबून विचारायचं,
मावलं ना? सांडलं नाही ना?

त्या विचारण्यातच वेळ जातो.
स्टँडर्ड लायब्ररीतलं एवढंसं फंक्शन,
उंबऱ्यासारखं. त्याच्याकडे बघत कुणी नाही,
ओलांडतात सगळे.

कागलच्या शाळेत मी उजवीकडून शिकले,
एकं, दहं, शतं.
बोलतानाही सत्तेचाळीस म्हणजे आधी सात, मागून चाळीस.
यंत्र डावीकडून खातं.
पुढे किती ताट वाढलंय, त्याला ठाऊक नसतं,
म्हणून घासागणिक पोट चाचपतं.

खाली जानेवारीतले सौदे.
रव्यांच्या थप्प्या, गोणपाट, चिकट पायऱ्या.
आण्णाप्पा मगदूम, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली,
हमालानं रवा काट्यावर ठेवला न ठेवला
तोवर आकडा वहीत.
काका, परत बघत नाही?
"दोन आकडी वजनाला क्विंटलची धास्ती कशापायी गं?
तिसरा आकडा दिसला, की मग चष्मा पुसायचा."

जिना मी दोन-दोन पायऱ्यांनी चढले.

बत्तीस बिटांच्या घरात मावतात
दोनशे चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख
त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस.
म्हणजे नऊ आकड्यांपर्यंत काही सांडूच शकत नाही!
आधी लांबी मोजायची, एकदाच.
आखूड असेल तर न विचारता धावायचं,
दहावा आकडा दिसला, की चष्मा.

रात्री चाचण्या लावल्या. एक पडली.
नुसतं उणे चिन्ह, पुढे काहीच नाही,
आणि माझ्या घाईनं त्याला शून्य म्हटलं होतं.
कोरी पावती आणि शून्याची पावती
एक नव्हे, हे खालच्या पोऱ्यालाही कळतं.
दुरुस्त केलं.
मग अगदी शेवटचा उणे आकडा अडला:
अधिकाच्या बाजूला सत्तेचाळीसवर दार बंद,
उण्याच्या बाजूला अठ्ठेचाळीसही आत.
यंत्रातसुद्धा
देणं येण्यापेक्षा एकनं जास्त मावतं.
म्हणून उणे रक्कम अधिक बांधून मग उलटायची नाही,
पहिल्यापासून उणीच बांधत जायची.

पहाटे आकडे आले:
चौदा नॅनोसेकंदांचं काम नऊवर.
खाली शटर वर गेलं, काटा पुसायचा फडका झटकला गेला.
मी जिन्यातूनच ओरडले, काका, झालं!
त्यांनी वहीतून मान न काढता विचारलं,
"किती वाचलं?"

त्यांना वेळ म्हणायचा होता, की आकडा, कळेना.
पाच, म्हटलं.
"पाच काय?"
पापणी लवते ना, तिचे कोट्यवधी तुकडे केले
तर त्यातले थोडे.
मगदूमांनी बोट थुंकीनं ओलं केलं, पान उलटलं.
"मग ते जमेला कुठं धरतीस?"

तेवढ्यात पहिली गाडी लागली.