नग एक

तासगावच्या कॉलेजात, मधल्या फडताळात
नेरीस. संघ वलयांकित, वर्ग पॉलिकीटा.
जातीचं नाव फॉर्मॅलिननं खाल्लंय;
उरलंय फक्त ‘रत्नागिरी, भरतीरेषेखाली’.

नबीलाल शिकलगार दर जूनला
बरणीत दोन बोटं वाढवतात.
‘ह्याला भाऊबंद कोन, बाई?’
रानातलं गांडूळ, मी म्हणते. चुलत.
ते मिठानं मरतं, हा मिठातच नांदायचा.

काचेला नाक लावून आश्लेषा कड्या मोजते: एक्क्याऐंशी, ब्याऐंशी,
कडीकडीला वल्ह्यांची जोडी,
वल्ह्यांतून राठ केसांचे झुबके.
तिच्या नखांत द्राक्षाच्या डिपिंगचं औषध.
चुकते. पुन्हा मानेपासून.

मी सांगत राहते: वयात आला की
डोळे मोठे होतात, आतडं विरतं,
वल्ह्यांची पाती रुंदावतात.
मग चंद्र बघून एका रात्री
सगळे बिळं सोडून वर येतात,
अंग फाटतं, अंडी सुटतात.
झालं.

नबीलालनी समुद्र पाहिलेला नाही.
बरणी खिडकीकडे धरतात, बराच वेळ.
‘ह्याचं डोळं बारीकच हैत.
रात आलीच न्हाई ह्याची.’

डेड स्टॉकच्या वहीत मी खूण करते:
नेरीस, नग एक.