तरफेवरचं बोट

मिरजेत, मोठ्या दवाखान्यासमोरच्या आमच्या मेडिकलात
दस्तगीरमामू येतात दर तिसऱ्या मंगळवारी,
चिठ्ठी काचेवर ठेवतात
आणि स्टुलावर टेकतात, कुणी बसा न म्हणता.

चाळीस वर्षं त्यांनी भोपळे चिरले,
आतला वाळका गर खरवडला,
हाडाच्या घोडीवर कानस फिरवत
जवारी खुलेपर्यंत श्वास धरून ठेवला.
आता स्वतःच्याच दुकानातला
लाखेचा, स्पिरिटचा वास सोसवत नाही.
कुलूप काढलं की पोटातलं सगळं गळ्याशी येतं,
आणि ते उंबऱ्यावरूनच मागं फिरतात.

पहिल्या खेपेला म्हणाले,
"सुई हातात, ओकारी पोटात.
मग ही एवढीशी गोळी
गप बस म्हणून सांगती कुणाला?"

मी पट्टी कापता कापता थांबले.
कॉलेजातलं चित्र आठवलं, बाण आणि लॅटिन नावं.
ते बाजूला ठेवलं.
म्हटलं, मामू, वरची तार छेडली
की खालची तरफ झणकारते ना?
तिला तर कुणी हातही लावलेला नसतो.
सलाईन आतड्याच्या अस्तराला डिवचतं,
अस्तर एक रस सोडतं,
आणि पोटापासून मेंदूपर्यंत गेलेली
एक लांब नस थरथरायला लागते.
मेंदू समजतो, यानं विष खाल्लंय.
काढा बाहेर.
गोळी त्या रसाची जागा आधीच अडवून बसते.

मामू बराच वेळ आपल्या बोटांकडे बघत राहिले.
तर्जनीवर तारेची जुनी खाच.
"म्हणजे तार तोडत न्हाई. बोट ठेवती."
हो.
"मग छेडायच्या आधी ठेवाय लागंल."
अर्धा तास आधी, मी म्हटलं.
सांगायचं ते त्यांनीच सांगून टाकलं होतं.

तिसऱ्या खेपेला चेहरा राखेसारखा.
गोळी बंद केली होती परस्पर:
"चार दिस पोट साफ न्हाई. लाजंनं बोललो न्हाई."
मामू, ते होतं या गोळीनं. डोकंही दुखतं कधी.
त्यालाही इलाज आहे, फक्त तोंड उघडायचं.

उरलेल्यातली अर्धी हमीदाबींनी नातवाला दिली होती,
तौफिकची शाळेची सहल, पाचगणीला.
पसरणीचा घाट संपेपर्यंत पोरगं ओकतच होतं.
मी कपाळाला हात लावला.
घाटातली मळमळ कानातून उठते, बीबी,
ती तारच वेगळी,
तिच्यावर हे बोट पोचत नाही.
आणि मोठ्यांची गोळी नखानं मोडून
लेकराच्या तोंडात घालायची नाही, कधीच.

मग मामूंच्या खिशातून आणखी एक पट्टी निघाली,
खोकल्यासाठी शेजाऱ्यानं दिलेली.
मी नाव वाचलं. पुन्हा वाचलं.
दोन्ही गोळ्या एकत्र काही काळजांचा ठेका चुकवतात.
समोरच्या वॉर्डात फोन लावला,
सिस्टर रूथ म्हणाल्या, आधी पट्टी काढून बघू, पाठवा त्यांना.
त्या दिवशी सलाईन दोन तास उशिरा लागलं.
मामू चिडले, माझ्यावर, शेजाऱ्यावर,
कागदावर उमटलेल्या त्या वेड्यावाकड्या रेघेवर.

आज पाचवी खेप.
माझ्यासमोर गोळी घेतली, दोन घोट पाणी,
आणि खिशातून रुमालात गुंडाळलेली घोडी काढली.
"हाडाला वास न्हाई," एवढंच म्हणाले.
बारीक कानस, किर्र, किर्र.
पांढरी पूड विजारीवर.
कुणी खोकल्याचं औषध मागतं, कुणी सुटे पैसे,
कानस थांबत नाही.

अर्धा तास झाला, मामू. सिस्टर वाट बघतायत.

त्यांनी घोडी कानाजवळ धरली,
नखानं टिचकी मारली.
"थांब पोरी.
अजून बंद हाय ही."