पंपावरची रात्रपाळी

बंदरातला गाळ उपसताना ती सापडली.
ओकची, सतरा हात लांब,
पोटात हेरिंगच्या पिंपाच्या फळ्या
आणि कुणाचातरी डाव्या पायाचा जोडा.

हेल्वे ओरडली, हात लावू नका.
हिच्यात आता लाकूड थोडं, पाणीच जास्त.
गाळातल्या जिवाणूंनी सहाशे वर्षं
सावकाश, चवीनं खाल्लंय हिला.
उरल्यासुरल्या भिंतींना आता पाण्याचाच टेकू.
वाळवाल तर
चुलीवर विसरलेल्या सफरचंदाच्या फोडीसारखी
आक्रसून जाईल.

म्हणून आम्ही तिला भिजत ठेवली. अकरा वर्षं.
हिऊमा बेटावरची जुनी मासळीची शेड,
छताला नळ्या, नळ्यांना भोकं,
दर वीस मिनिटांनी फवारा,
आणि रात्री पंपापाशी मी, एंडेल,
गुडघे गेल्यामुळे समुद्रानं परत पाठवलेला.

पाण्यात मिसळलेलं असायचं पॉलिथिलीन ग्लायकॉल.
हे नाव जिभेवर बसायलाच एक हिवाळा गेला.
हेल्वेनं टाचण्या अडकवून साखळी करून दाखवली:
दोन कार्बन, एक ऑक्सिजन,
दोन कार्बन, एक ऑक्सिजन,
बस्स, एवढंच, कंटाळा येईपर्यंत.
आखूड साखळ्या आधी द्यायच्या, त्या आत खोल शिरतात.
लांब मागून. त्या मोठ्या पोकळ्यांत ऐसपैस बसतात
आणि गार झाल्या की मेण होतात.
घाई करायची नाही.
पहिल्या वर्षी शंभरात दहा भाग, मग पंधरा, मग वीस.
पाणी ज्या दारानं बाहेर पडतं
त्याच दारानं मेण आत येतं,
आणि घराला पत्ता लागू द्यायचा नाही
की भाडेकरू बदलला.

पाचव्या वर्षी माझं पोट अडलं.
कार्डलाच्या दवाखान्यातल्या बाईंनी पुड्या दिल्या,
पेलाभर पाण्यात ढवळून घ्या म्हणाल्या.
पुडीवर बारीक अक्षरात मॅक्रोगोल.
हेल्वेनं ते वाचलं आणि हसत हसत खाली बसली:
अहो एंडेल, हे तेच!
तिकडे लाकडातलं पाणी हटवतं,
इकडे आतड्यात पाणी धरून ठेवतं.
एकच जावई, दोन सासुरवाडींत दोन स्वभाव.
त्या रात्री मी पेला उचलला,
वीस मिनिटं झाली, पंप खोकला,
आणि आम्ही दोघं एकदमच प्यायलो.
(सकाळी मला गुण आला. तिला अजून सहा वर्षं होती.)

नवव्या वर्षी खिळ्यांभोवती पांढरी भुकटी दिसली.
हेल्वेनं कागदाची पट्टी टेकवली, ती लाल झाली.
लोखंड गंजलं होतं, गंधकाचं आम्ल सुटलं होतं,
लाकूड तर खात होतंच,
साखळ्याही तोडत होतं.
मला वाटायचं, एकदा भरलं की भरलं.
हेल्वे काही बोलली नाही.
तिनं खाण्याचा सोडा कालवला, फडकी भिजवली,
आणि ताप आलेल्याच्या कपाळावर ठेवावीत तशी
एकेका खिळ्यावर ठेवत गेली.

मागल्या सप्टेंबरात पंप बंद केला.
घरी मी अजून दर वीस मिनिटांनी जागा होतो.
विर्वे झोपेतच विचारते, झाला का फवारा?
झाला, मी म्हणतो, आणि कूस बदलतो.

आता तिकीट लावलंय. मी दाराशी बसतो.
काल टार्टूच्या एका पोरानं विचारलं,
हे खरं लाकूड आहे का?
मी म्हटलं, काही आहे.
किती?
माहीत नाही रे. हेल्वेला विचार.

त्यानं दोरीवरून वाकून
हळूच बोट टेकवलं. मी पाहिलं, बोललो नाही.
मग त्यानं बोट चड्डीला पुसलं,
पुन्हा पुसलं, वास घेतला.
जात नाही ते लगेच.
माझ्या हातावरचंही गेलेलं नाही.