रहिवासी दाखला

हौदाचा घेर माझ्या बावीस पावलांचा.
दर सोमवारी पाणी सोडायचं, शेवाळ घासायचं,
आणि ते कडेला नळीसारखं नाक वर करून
मला बघत बसायचं.
सतरा वर्षं. नांदेडचं पाणी, ब्लीचिंगचा वास,
पोरांनी टाकलेले मुरमुरे,
पाठीची मऊ कड सिमेंटला घासून पांढरी पडलेली.

मग किनवटकडून मोतूबाई सिडाम आली,
सोबत पाच बाया, एक पुतण्या, पिशवीत अर्ज.
म्हणाली, हे आमच्या कुळातलं हाय.
पैनगंगेच्या डोहातून तुमच्या मानसानं उचललं,
तवापून आमी त्याचा वाटा काढून ठेवतो.

साहेब हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण.
त्यांनी फक्त पुरावा मागितला.

पुराव्याला तीन उन्हाळे लागले.
ग्रामसभेचा ठराव, वनखात्याचं पत्र,
तलाठ्यानं तर 'रहिवासी' या शब्दापाशी
किती वेळ पेन धरून ठेवलं म्हणे.
दर खेपेला ती आधी हौदाशी यायची,
मनगटापर्यंत हात बुडवून
गावातलं सांगायची: कोण गेलं, कुणाला पोरगी झाली,
मोहाला यंदा फूल कमी.
त्याला कळायचं का, मला ठाऊक नाही.
माझा खराटा थांबायचा, एवढं खरं.

कागद पुरे झाले तेव्हा फेब्रुवारी संपत होता.
ओल्या गोणपाटात गुंडाळून जीपमध्ये घेतलं,
मी मागं घागर घेऊन, थोडं थोडं ओतत.
भोकर. हिमायतनगर. इस्लापूरला चहा.
चहावाला म्हणाला, पेशंट कोन हाय?
मोतूबाई म्हणाली, घरचं.

डोहाशी ती गुडघाभर पाण्यात उतरली,
गोणपाट सोडलं.
ते गेलं नाही.
फिरायला लागलं, गोल,
डावीकडून, नेमकं तेवढंच.
मोजायची मला गरज नव्हती.
एवढी नदी, आणि तिच्यात माझा हौद.

साहेबांच्या माणसानं फोटो काढला, निघू म्हणाला.
मोतूबाई हलली नाही.
तिच्या बोलीत बोलत राहिली,
तेच गावातलं असणार,
ऊन उतरेपर्यंत.
एका फेऱ्याला ते जरा लांबून गेलं.
पुढच्याला, वाटतं, आणखी जरा.
मग दिसेनासं झालं, अंधारामुळं.

सोमवारी सवयीनं पाणी सोडलं.
एक पोरगं मुरमुऱ्यांचा पुडा धरून उभं.
कुठं गेलं ते?
घरी, म्हटलं.
पुतण्याचा नंबर आहे माझ्याकडं.
अजून लावला नाही.