शिवण

अशोक चौकाच्या मागं, बंद शेडात
गड्डमांच्या पुरुषोत्तमनं पडदा टांगला:
मांजरपाटाचे दोन तुकडे, मधोमध उभी शिवण.
माग भंगारात गेले, फरशीत बोल्टांची भोकं राहिली,
त्यांवरच खुर्च्या. सतरा माणसं, दोन पोरं,
आणि दुपारचा ताप अजून न सोडलेले पत्रे.

"हे लहान पोरांचं कार्टून नव्हं," त्यानं आधीच सांगितलं.
तरी येल्लव्वा सूप घेऊन आली.
हजार विड्या सकाळी द्यायच्या होत्या,
अंधारात हात थोडेच थांबतात.

पहिल्या फिल्ममध्ये एक घर स्वतःचेच दरवाजे खात होतं.
दुसरीत कावळ्याच्या पोटात दिवा लागला
आणि विझेचना.
तिसरी मला कळली नाही.
चौथीत मातीची बाई
रोज रात्री आपलं एक बोट तोडून, मळून
त्याचा माणूस करायची.
सकाळी तो उठायचा, निघून जायचा.

शिवणीपाशी आलं की जो तो लंगडायचा.
कावळासुद्धा, उडता उडता.

मी तीस वर्षं जकार्डची कार्डं पंच केली.
एक भोक, एक धागा वर.
चादरीवरच्या मोराची मान वळायला चाळीस कार्डं.
म्हणून मी बाई बघतच नव्हतो,
तिच्या गालावर राहून गेलेला
कुणाच्या तरी अंगठ्याचा ठसा बघत होतो,
चित्रागणिक जागा बदलणारा, थरथरता.
भीती वाटली ती त्याची.

शेवटचं बोट गेलं
तेव्हा शेडात खुर्चीही करकरली नाही.
फक्त येल्लव्वा हसली, मोठ्यानं.
"आता दार कशानं उघडशील गं?"
पडद्यालाच विचारलं तिनं,
आणि नखानं विडीचं तोंड मिटलं, न बघता.

दिवे लागले. टाळ्या वाजवाव्यात की नाही, कुणाला ठरवता येईना.
एका पोरानं विचारलं, ती माणसं गेली कुठं?
पुरुषोत्तम उत्तर शोधत वायर गुंडाळत राहिला.
"पुण्याला," येल्लव्वा म्हणाली,
आणि पुन्हा मोजायला लागली, सव्वीस, सत्तावीस.

घरी जाताना बोळात
पाइप टाकून बुजवलेल्या खड्ड्याची उभी रेघ.
पाण्याचा दिवस होता, दारोदार घागरी,
सगळ्यांचं लक्ष नळाकडं.
मी रेघ ओलांडली.
मग मागं आलो
आणि पुन्हा एकदा ओलांडून बघितली.